काकू, हे कुठलं गाव?

आमच्या ग्लाफीराच्या बापाचं नाव तीखोन. तीखोन म्हणजे शांत. आणि माणूस होताही तसाच. जंगलाचा रखवालदार, दिवसात दहा शब्द बोलला तर घरचे कपाळाला हात लावून ताप बघायचे. उरलेले सगळे शब्द त्याने बहुतेक लेकीसाठी शिल्लक टाकले. ग्लाफीरा आमच्या चिर्कोवोची टपालवाली, वय छप्पन्न. तिच्या सायकलीमागच्या पिशवीत पत्रं असोत नसोत, बलालाइका असतेच. तीन कोपऱ्यांची, तीन तारांची, पोटावरचं वार्निश उडालेली. कुंपणाला सायकल टेकवायची, पेपर द्यायचा आणि तिथेच उभ्या उभ्या गाणं म्हणायचं. स्वतः रचलेलं, चार ओळींचं, आणि बहुतेक वेळा समोर उभ्या असलेल्या माणसावरच.

मी कापितोलिना, गावच्या दवाखान्यातली नर्स. दवाखाना म्हणजे एक खोली, एक खाट आणि मी. मीही सुटले नाही. नोकरीच्या पहिल्याच हिवाळ्यात तिने दुकानात वीस माणसांदेखत तारा छेडल्या:

"नर्सबाईची सुई बघून कोंबडाही पळाला,
ज्याला नव्हता ताप त्यालाही घाम तिथे आला!"

लोक पाव सोडून हसायला लागले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण आमच्याकडे याला एकच औषध असतं. ज्याच्यावर गाणं झालं त्याने उलटून गाणं म्हणायचं. तसं केलं की पहिलं गाणं मेलं, पुन्हा कुणी म्हणत नाही. मी दोन दिवस डोकं खाजवलं आणि तिसऱ्या दिवशी त्याच दुकानात, भसाड्या आवाजात का होईना, फेड केली:

"गळा हिचा वेशीवरून साऱ्या गावात पोचतो,
लग्नाचं पत्र हाती येईतो नातू अंगणी नाचतो!"

सगळ्यांत जास्त कोण हसलं असेल तर ग्लाफीरा. मला मिठी मारून म्हणाली, "कापा, तू तर आपल्यातली निघालीस गं!" तेव्हापासून आमची मैत्री आहे. सुईचं गाणं आज कुणाला आठवतही नाही.

पण वेन्याला गाणं जमत नव्हतं. सगळं घोडं तिथेच अडलं.

वेन्या म्हणजे वेनियामिन सुतार, ग्लाफीराचा शेजारी, तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. दोघांच्या घरांमध्ये एकच कुंपण. ती बलालाइका वेन्यानेच केलेली. ग्लाफीराच्या लग्नात त्याने ती तिला भेट दिली होती. सहा महिने लाकूड शेगडीवरच्या माळ्यावर सुकवलं, ते तडकलं, दुसरं सुकवलं. लोकांनी काहीबाही तर्क केले, पण तसं काही नव्हतं. तिचं लग्न झालं, त्याचंही झालं, आणि चौघं एका समोवाराभोवती चहा प्यायची; आता उरलेत हे दोघंच. वेन्याला बोलायला वेळ लागायचा. एक वाक्य काढायचं म्हणजे तो फळी रंधल्यासारखा आधी इकडून बघायचा, मग तिकडून. अशा माणसाला चार ओळी जुळवून कोण देणार?

एकतीस वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात वेन्या अळंबी वेचायला गेला आणि रानात चुकला. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आमचं रान दलदलीच्या बाजूला भलतंच फसवं आहे. रानाचा म्हातारा माणसाला गोल गोल फिरवतो असं आम्ही म्हणतो. त्यावरचा उपायही सगळ्यांना ठाऊक आहे: डगला उलटा करून घालायचा, डावा बूट उजव्या पायात, उजवा डाव्यात. मग म्हातारा ओळखत नाही आणि सोडून देतो. आम्ही सगळ्यांनी हे कधी ना कधी केलंय आणि सगळेच घरी येऊन सांगतो की छे, मी तर सरळ वाटेने आलो.

वेन्या दिवसभर फिरला. संध्याकाळी धुकं पडलं. उलटा डगला आणि उलटे बूट घालून तो दलदलीच्या बाजूने, जिकडून जन्मात कधी आला नव्हता तिकडून, एका कुंपणाशी पोचला. आत एक बाई वाकून बटाटे काढत होती. वेन्याने टोपी काढली आणि अदबीने विचारलं, "काकू, हे कुठलं गाव?"

ती त्याची आई होती.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ग्लाफीराचं गाणं गावभर झालं:

"डगला उलटा, बूटही उलटे, टोपली गच्च भरून,
वेन्या आला रान तुडवत परदेश दूर फिरून;
कुंपणाशी वाकून पुसतो, 'काकू, कुठलं गाव?'
काकू म्हणते, 'बाळा, आधी आईचं सांग नाव!'"

गाणं चांगलं झालं होतं, तेच वाईट झालं. लोक वेन्याच्या उत्तराची वाट बघत राहिले. आठवडा गेला, महिना गेला. उत्तर आलं नाही, म्हणून गाणं मेलं नाही. पोरं ते म्हणत मोठी झाली, त्यांनी ते त्यांच्या पोरांना शिकवलं. वेन्या दुकानात शिरला की कुणीतरी मागून म्हणायचंच, "काकू, हे कुठलं गाव?" शहरातून उन्हाळ्यापुरती येणारी माणसंही म्हणायची, आणि त्यांना तर वेन्याचं खरं नावही माहीत नसायचं.

वेन्या ग्लाफीराशी बोलायचा बंद झाला. एकतीस वर्षं एक कुंपण, एक विहीर, आणि शब्द नाही. ती बादली घेऊन आली की हा आपली बादली अर्धीच भरून परत फिरायचा. बलालाइकाची एक खुंटी मोडली तेव्हा त्याच्याकडे जायची तिची हिंमत झाली नाही. लाकडी चमच्याचा दांडा तासून तिने खुंटी म्हणून बसवला. तो सरकायचा. गाता गाता मध्येच ती डाव्या हाताने पिळायची आणि पुढे गायची. लोकांना वाटायचं, वाजवण्याची तीच पद्धत असावी.

पण ग्लाफीरापेक्षा त्याने जास्त राग धरला तो आईवर. अक्सिन्याकाकूवर. कारण ग्लाफीराने गावाला सांगितलं होतं, "मला काय माहीत बाई, अक्सिन्याकाकूनेच सांगितलं हसत हसत." आणि कुंपणाशी तेव्हा होते दोघंच, मुलगा आणि आई. अक्सिन्याकाकू शेवटपर्यंत म्हणत राहिली की मी कुणाजवळ तोंड उघडलं नाही. आठ वर्षांपूर्वी ती गेली. शेवटच्या आठवड्यात मीच तिला सुई द्यायला जात होते. तेव्हाही ती एकदा म्हणाली, "वेन्या, मी नाही रे सांगितलं." वेन्या म्हणाला, "असू दे आई." असू दे म्हणाला, पण पटलं म्हणाला नाही. मला त्याचा फार राग आला होता.

या वर्षी बटाटे काढून झाले आणि बातमी आली की वेन्याची मुलगी ईन्ना त्याला कायमचं शहरात न्यायला येतेय. मी त्याच्या गुडघ्यांना पट्ट्या बांधायला गेले, तर घरात गाठोडी बांधून तयार.

"गुडघ्यांसाठी चाललायस?" मी विचारलं.

"लाकडं फोडवत नाहीत," तो म्हणाला. मग पट्टीचं टोक स्वतःच खोचलं. "आणि कापा, तिथे सहाव्या मजल्यावर मला कुणी विचारणार नाही, हे कुठलं गाव म्हणून."

मी तिथून उठले ती तडक ग्लाफीराच्या घरी. ती समोवार पेटवत होती.

"घे," मी म्हणाले, "तुझ्या चार ओळींनी अख्खा माणूस गावाबाहेर काढला. एकोणीस घरांतून धूर निघतो आपल्या गावात. या हिवाळ्यात अठरा मोज."

तिच्या हातातली लाकडाची ढलपी तशीच राहिली. "गुडघे दुखतात म्हणून चाललाय ना?"

"त्याने मला सांगितलंय. गुडघ्यांचं कारण मुलीसाठी आहे."

ग्लाफीरा खाली बसली. मी तिला इतकी वर्षं ओळखते, पण तिचं तोंड आपोआप बंद झालेलं तेव्हाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तिने आपल्या परीने प्रयत्न केला. दुकानात जाऊन वेन्याच्या स्तुतीचं गाणं म्हणाली: "वेन्या आमचा गुणी सुतार, हात सोन्याचे त्याचे, त्याने केल्या खिडक्या-दारं..." इतकं गुळमुळीत गाणं तिने आयुष्यात रचलं नसेल. लोक जांभया द्यायला लागले. शेवटी गल्ल्यावरची नीना म्हणाली, "घर सजवलं साऱ्या गावचं, पत्ता विसरला स्वतःचा!" आणि दुकान पुन्हा खदखदलं.

बाहेर येऊन ग्लाफीरा सायकल धरून उभी राहिली. "स्तुती चिकटत नाही गं लोकांना," ती म्हणाली. "टिंगल कशी चिकटते!"

"मग उत्तराचं गाणं तू रच आणि त्याला शिकव."

"तो माझ्याकडून पाणी घेणार नाही, गाणं कसं घेईल?"

"मग स्वतःच म्हण. स्वतःवर. असं काहीतरी म्हण की लोक त्याचं विसरतील आणि तुझं धरतील. तुझ्यात काय कमी खोडी आहेत? मी यादी देऊ?"

हे मी चेष्टेत म्हटलं होतं. तिने माझ्याकडे इतकं विचित्र बघितलं की मला वाटलं रक्तदाब वाढलाय. मग ती सायकलवर बसून गेली, आणि तीन दिवस तिने टपाल मुकाट्याने वाटलं. कुंपणाशी पेपर ठेवायचा आणि पुढे. लोक मला विचारायला लागले की ग्लाफीराला काय झालंय, घसा धरलाय का. मी घरी जाऊन तिचा घसा बघितला. घसा उत्तम होता.

चौथ्या दिवशी सकाळी ईन्ना गाडी घेऊन आली. गाठोडी ठेवली, घराची किल्ली वेन्याने माझ्या हातात दिली, नीनाने दिलेली कोबीची गरम कचोरी फडक्यात बांधून घेतली. मग निघण्याआधी बसायचं असतं तसे आम्ही बसलो. वेन्या स्टुलावर, ईन्ना ट्रंकेवर, मी आणि नीना बाकावर. त्या मिनिटात कुणी बोलायचं नाही. बोललं की प्रवास बिघडतो.

तेवढ्यात दार उघडलं आणि उंबरठा ओलांडून ग्लाफीरा आत आली. टपालाची टोपी, काखेत बलालाइका.

ईन्नाने डोळे वटारले. मी ओठांवर बोट ठेवलं. ग्लाफीराने मान डोलावली, म्हणजे बोलणार नाही, कळलं. आणि तारा छेडल्या. बोलायचं नाही हे खरं. पण गायचं नाही असं आमच्याकडे कुणी म्हणून ठेवलेलं नाही.

"जंगलवाल्याची ही लेक, रान म्हणे मज पाठ,
त्याच दिवशी त्याच रानी चुकली होती वाट;
पुढे उलट्या डगल्यावाला, मागे मी लपून,
त्याच्या उलट्या ठशांवरून आले पाऊल जपून."

तिसऱ्या ओळीला चमच्याची खुंटी सरकली आणि तार उतरली. तिने ती पिळली, घसा खाकरला, आणि वेन्याकडे न बघता, शेगडीकडे बघत पुढचं म्हणाली:

"न्हाणीमागे श्वास रोखून उभी मी खाली मान,
त्याने पुसले, 'कुठलं गाव?' मी टवकारले कान;
त्याला हसले साऱ्यांसंगे एकतीस वर्षे, राव,
मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं, काकू, कुठलं गाव!"

 मग नीनाच्या तोंडून असा काही आवाज निघाला की तिने फडकं तोंडात कोंबलं. जंगलाच्या रखवालदाराची मुलगी! जी दरवर्षी आम्हाला ऐकवते की मी रानात डोळे बांधून फिरेन! ती न्हाणीमागे उभी राहून आपल्याच गावाचं नाव ऐकायला कान लावून होती!

मलाही हसू फुटत होतं. पण वेन्या हसला नाही.

"म्हणजे आईने सांगितलं नव्हतं," तो म्हणाला.

ग्लाफीराने बलालाइका छातीशी धरली. "नाही. तिने कुणालाच सांगितलं नाही, वेन्या. मी माझ्या कानांनी ऐकलं. आणि तू तिथे काय करत होतीस असं कुणी विचारू नये म्हणून तिचं नाव पुढे केलं. चूक माझी. पहिल्या दिवशी वाटलं, गंमत आहे, आठवडाभरात मरेल. मग तुम्ही मायलेक भांडलात, आणि मग मला तोंड उघडायची लाज वाटली. मग ती गेलीच."

"तेवीस वर्षं ती मला सांगत होती," वेन्या म्हणाला. "आणि मी म्हणायचो, तू नाही तर काय कोंबड्यांनी सांगितलं?"

"कोंबडी मीच," ग्लाफीरा म्हणाली, आणि रडायला लागली.

वेन्या उठला. डगला घातला, टोपी घातली, आणि तिच्या बाजूने बाहेर गेला. ईन्ना माझ्याकडे बघून खांदे उडवून मागोमाग गेली. गाडी सुरू झाली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

"झालं," ग्लाफीरा नाक पुसत म्हणाली. "आधी नुसता चालला होता. आता शिव्या देत चालला."

"पण गाणं मेलं ना?"

"गाणं मेलं. पण वेन्या गेला त्याचं काय?"

 ती आपल्या परसात गेली आणि कोबीचे गड्डे कापायला लागली. हातांना काहीतरी हवं होतं तिला. मी दवाखान्यात आले. माझ्या खिडकीतून टेकडीवरची स्मशानभूमी दिसते, आणि रस्ता तिच्या पायथ्याशीच जातो. तिथे गाडी उभी होती. वर अक्सिन्याकाकूच्या थडग्यापाशी वेन्या टोपी हातात घेऊन उभा, आणि त्याचे खांदे हलत होते. इतक्या लांबून मला कळेना, रडतोय की हसतोय. ईन्ना नंतर म्हणाली, "दोन्ही, कापामावशी. आधी बराच वेळ माफी मागितली, मग आजीला ते सगळं गाणं म्हणून दाखवलं. सुरात नव्हतं, पण शब्द सगळे बरोबर."

मग गाडी वळली. शहराकडे नाही, गावाकडे.

मी भिंतीवरचा आरसा काढला आणि पळत सुटले. निघालेला माणूस परत आला तर त्याने आरशात बघितलंच पाहिजे, नाहीतर पुढचा प्रवास धड होत नाही. इतकी वर्षं नर्स आहे, पण हे मी कधी चुकवलेलं नाही.

मी पोचले तेव्हा वेन्या गाडीतून उतरत होता. त्याने डगला काढला, उलटा केला, अस्तर बाहेर काढून पुन्हा अंगात घातला, आणि गुडघे सांभाळत, लंगडत ग्लाफीराच्या कुंपणाशी गेला. ग्लाफीरा पाठमोरी वाकून कोबी कापत होती. तिला गाडीचा आवाज आलाच असणार, पण वर बघायचा धीर झाला नसेल.

वेन्याने टोपी काढली.

"काकू," तो म्हणाला, "हे कुठलं गाव?"

सुरी थांबली. एकतीस वर्षांत तो पहिल्यांदा आपणहून तिच्या कुंपणाशी आला होता.

"चिर्कोवो," ग्लाफीरा मान वर न करता म्हणाली.  "तुम्हाला कुणाकडे जायचंय?"

"इथे एक टपालवाली राहते म्हणे. बलालाइकाला चमच्याची खुंटी लावून फिरते. तिसऱ्या ओळीला तार उतरली, ती वेशीपर्यंत माझ्या कानात वाजत होती. असं लाकूड मी केलं आणि त्याला चमचा? आण इकडे ती."

"मला वाटलं, तू माझा गळा धरायला आलास."

"तो नंतर. आधी खुंटी."

ईन्ना गाडीच्या दारात उभी राहून म्हणत होती, "बाबा, आणि तुमचे गुडघे? लाकडं कोण फोडणार?"

"मी फोडीन!" ग्लाफीरा ओरडली. कोबीच्या पानांतून उठून तिने सुरीच उगारली. "दोन्ही घरांची! वसंतापर्यंतची!"

"फोडेल ती," मी म्हणाले. "नाही फोडली तर मी गाणं करीन तिच्यावर." आणि वेन्यासमोर आरसा धरला. "आणि तू परत आलायस ना? आधी आरशात बघ."

वेन्याने आरशाकडे बघितलंही नाही.

"आरसा ज्याला पुन्हा निघायचंय त्याने बघायचा असतो, कापा," तो म्हणाला, आणि गाडीतलं गाठोडं उतरवायला गेला.